साडेपाचची रेघ

गेल्या जून आणि जुलै महिन्यांच्या ६१ दिवसांत आमच्या कारखान्याचा सकाळचा अहवाल ९ वेळा शिळा निघाला. हा आकडा मी पुढे वही घेऊन बसल्यावर मोजला. त्या वेळी मला कोणी विचारले असते, तर "कधीकधी रिफ्रेश अडकतो", म्हणजे आकडे ताजे होत नाहीत, एवढेच मी सांगितले असते, आणि त्या "कधीकधी"नेच आमचे दोन महिने खाल्ले. रोज बंद पडणारी गोष्ट माणूस दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो. आठवड्यातून एखाद्या वेळी बंद पडणारी आणि बटण दाबताच पुन्हा चालू होणारी गोष्ट मात्र घरातल्या खोडकर मुलासारखी सांभाळून घेतली जाते.

मी बडोद्याला दांडिया बझारात राहते आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आकडेवारीचे काम पाहते. कार्यालयात बोलणे गुजराती-हिंदीत चालते, लेखाविभागात तेवढे मराठी ऐकू येते, आणि माझी नोंदवही मी पहिल्यापासून मराठीतच ठेवत आले आहे. सकाळी ८ वाजता उत्पादन विभागाची बैठक असते. तिच्यासमोर पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल-प्रणालीतला एक अहवाल उघडला जातो. त्यात आदल्या दिवसाचे उत्पादन, पाठवलेला माल, शिल्लक ऑर्डरी आणि त्या ऑर्डरींत अडकलेल्या तांब्या-ॲल्युमिनियमचे मूल्य असते. हे सर्व बैठकीपूर्वी आपोआप ताजे झालेले असावे, अशी अपेक्षा असते.

अहवालामागे दोन डेटाफ्लो, म्हणजे ठरलेल्या वेळी स्रोतातून आकडे आणून तक्ते तयार ठेवणारी कामे, आहेत. पहिला कारखान्यातल्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरून, गेटवे नावाच्या दुव्याच्या मार्गाने, ऑर्डरी आणि साठ्याच्या नोंदी वर आणतो. तो पहाटे ४ वाजता सुरू होतो आणि बहुतेक दिवशी पावणेपाचपर्यंत संपतो. दुसरा डेटाफ्लो लेखाविभागाच्या वेगळ्या वर्कस्पेसमध्ये, म्हणजे पॉवर बीआयमधल्या वेगळ्या दालनात, आहे, कारण त्यातले खरेदीचे दर सर्वांना दिसू नयेत असा निर्णय झाला होता. तो पहिल्याच्या तक्त्यांना लिंक्ड टेबल म्हणून जोडून घेतो आणि शेअरपॉइंट या ऑनलाइन फायलींच्या साठ्यातल्या एका फोल्डरमधून धातूंच्या दरांची एक्सेल फाइल उचलतो. या दुसऱ्यावर अहवालाला आकडे पुरवणारे सिमँटिक मॉडेल, म्हणजे ज्याला आम्ही सवयीने अजून डेटासेटच म्हणतो ते, आणि त्यावर अहवाल, अशी उतरंड आहे.

लिंक्ड टेबलांचा एक नियम आधी सांगितला पाहिजे, कारण तो ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ लोक चुकीच्या ठिकाणी खोदत बसतात. जोडलेले दोन्ही डेटाफ्लो एकाच वर्कस्पेसमध्ये असतील, तर वरचा, म्हणजे तक्ते देणारा, ताजा झाला की खालच्यातले, म्हणजे ते घेणाऱ्यातले, त्याच्यावर अवलंबून असलेले तक्ते आपोआप ताजे होतात, आणि हा सगळा व्यवहार एकदमच पक्का केला जातो; खालचा कोसळला तर वरच्याचे कामही रद्द धरले जाते. त्यामुळे दोष तळाला असूनही "अयशस्वी" असा शिक्का मात्र वर दिसू शकतो. दोन्ही वेगवेगळ्या वर्कस्पेसमध्ये असतील, तर असे काहीच घडत नाही. खालचा वरच्याकडे परक्या स्रोतासारखा पाहतो, आपल्या ठरलेल्या वेळी येतो आणि वर जे शेवटचे पक्के झालेले आहे ते घेऊन जातो, मग ते आजचे असो वा कालचे.

आमच्या सोसायटीत पाण्याची व्यवस्था अशीच होती. महापालिकेचे पाणी साधारण सहाच्या सुमारास खालच्या टाकीत येते, आणि वॉचमनभाऊ बरोबर सव्वासहाला वरच्या टाकीची मोटर चालू करीत. पाणी उशिरा आले की मोटर तळातले उरलेसुरले पाणी ओढून घेई, वरची टाकी अर्धीच भरे, आणि तरीही वॉचमनभाऊंच्या वहीत "मोटर चालवली" अशी नोंद असे. नोंद खोटी नसे, फक्त तिचा टाकी भरण्याशी संबंध नसे.

आमचा दुसरा डेटाफ्लो पहाटे ५ वाजता लावलेला होता. पहिला पावणेपाचला संपतो, मध्ये पाव तास राखलेला आहे, तेव्हा सगळे सुरळीत आहे, असे मी तीन वर्षांपूर्वी तो लावताना मानले होते. पाव तासाची ही राखीव जागा किती पोकळ आहे, हे नियोजित रिफ्रेशविषयीचा अधिकृत मजकूर वाचल्यावर कळते. वेळापत्रकात वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्याच टप्प्याने निवडता येते. निवडलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत काम सुरू करण्याचा सेवेचा प्रयत्न असतो, परंतु साधने मोकळी नसतील तर सुरुवात एका तासापर्यंतही लांबू शकते. हे कोणी लपवून ठेवलेले नाही. मी वाचले नव्हते इतकेच. पहिल्याला उशीर झाला की दुसरा कालचा माल घेऊन यशाची हिरवी खूण मिळवीत असे. या प्रकाराला मी अपयशापेक्षा वाईट मानते, कारण अपयशाची मेल तरी येते.

या वर्षी मेअखेरीस मी ही घड्याळाची जोडणी काढली. पॉवर ऑटोमेट या कामे आपोआप लावून देणाऱ्या सेवेत "डेटाफ्लोचा रिफ्रेश पूर्ण झाल्यावर" असा ट्रिगर, म्हणजे पुढचे काम सुरू करणारा इशारा, मिळतो. त्याला पहिला डेटाफ्लो दिला, निकाल यशस्वी असेल तरच दुसरा सुरू करावा अशी अट घातली, आणि दुसरा संपल्यावर डेटासेट, अशी साखळी बांधली. वॉचमनभाऊंना घड्याळाकडे पाहण्याऐवजी टाकीत डोकावून मोटर लावायला सांगावे, तसे. हिरव्या खुणेआडच्या शिळ्या आकड्यांचा प्रश्न त्याच दिवशी मिटला. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरा डेटाफ्लो, जो तीन वर्षे एकदाही अयशस्वी झाला नव्हता, तो पडू लागला.

संदेश प्रत्येक वेळी एकच होता. डेटाफ्लो ज्या पॉवर क्वेरीत लिहितात तिच्या भाषेत तो असे म्हणतो, की दिलेली 'की', म्हणजे ओळ शोधण्याची खूण, तक्त्यातल्या कोणत्याही ओळीशी जुळली नाही. हा संदेश ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचा तुटकपणा ठाऊक असेल: कोणती 'की', कोणता तक्ता, यातले काहीही तो सांगत नाही. मी रोज नऊ वाजता कार्यालयात पोहोचते. मेल पाहायची, रिफ्रेशचे बटण दाबायचे, पाच-सात मिनिटांत काम पार पडायचे, आणि ८ वाजताच्या बैठकीत कालचे आकडे पाहून वैतागलेल्या लोकांना "आता पाहा, झाले आहे" असे सांगायचे. बटण दाबून ते चालले, म्हणजे मूळ रचना बरोबर आहे आणि पहाटे काहीतरी क्षणिक अडथळा आला असणार, असा निष्कर्ष मी दर वेळी काढला. हा निष्कर्ष चुकीचा होता, आणि तो काढताना मला बरे वाटत होते हे आणखी वाईट.

एका गुरुवारी उत्पादन विभागाच्या प्रमुखांचा ८ वाजून १० मिनिटांनी घरी फोन आला. "अहो ताई, आज पुन्हा शिल्लक ऑर्डरींत कालचाच आकडा आहे. बैठक चालू आहे, काही करता येईल का?" मी पोह्यांची बशी बाजूला ठेवून लॅपटॉप उघडला आणि रिफ्रेश लावला. तो पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला, संदेश तोच. कार्यालयात पोहोचून ९ वाजून २० मिनिटांनी लावला तर पहिल्या फटक्यात चालला. मी वहीत लिहिले, "घरचे नेट खराब." वास्तविक घरून मी केवळ बटण दाबले होते, काम ढगातल्या, म्हणजे क्लाउडमधल्या मायक्रोसॉफ्टच्या, सर्व्हरवर होत होते, त्याचा माझ्या घरच्या नेटशी काडीचा संबंध नव्हता. उत्तर त्या दिवशी माझ्या हातात आले होते आणि मी ते वहीत चुकीच्या नावाने जमा केले.

मग संशय गेटवेवर गेला, जसा तो नेहमीच जातो. गेटवे हा कारखान्यातल्या विंडोजच्या यंत्रावर बसलेला एक सेवा-प्रोग्राम असतो. तो आतल्या डेटाबेसशी बोलतो आणि बाहेर क्लाउडशी स्वतःहून जोडणी करतो, बाहेरून आत कोणी येत नाही. त्याच्या बाबतीत पाहण्यासारख्या गोष्टी ठरलेल्या आहेत, आणि मी त्या सर्व पाहिल्या. यंत्र रात्री झोपी जात नाही ना, डिस्कवर तात्पुरत्या फायलींना जागा आहे ना, आवृत्ती फार जुनी नाही ना, फायरवॉलने बाहेरचे पोर्ट अडवलेले नाहीत ना. ज्यांच्याकडे दोन-तीन यंत्रांचा गट आहे त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विनंत्या सर्व यंत्रांत वाटण्याची निवड चालू असेल आणि त्यांपैकी एका यंत्रावर एखादा ड्रायव्हर बसवायचा राहिला असेल, तर अपयश अगदी नशिबाच्या खेळासारखे दिसते. काम त्या यंत्राच्या वाट्याला आले की पडते, नाहीतर चालते. आमच्याकडे यंत्र एकच आहे, म्हणून ते सोडून दिले.

गेटवेच्या कामगिरीच्या नोंदवह्या उघडल्या तेव्हा मी चक्रावून गेले. पडलेल्या दिवशी पहाटे ४ ते ५ या वेळेत तेथे एकही ओळ नव्हती. विनंती गेटवेपर्यंत पोहोचलीच नाही, असे ठरवून मी दोन दिवस नेटवर्कच्या मागे लागले, आयटीतल्या भाऊंना फायरवॉलच्या नोंदी काढायला लावल्या, आणि त्यांनी त्या निमूटपणे काढूनही दिल्या. तिसऱ्या दिवशी स्तंभाच्या शीर्षकातली शेवटची तीन अक्षरे वाचली: यूटीसी. त्या नोंदी जागतिक समन्वित वेळेत असतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. आमचे पहाटेचे ४ म्हणजे तेथे आदल्या तारखेचे रात्रीचे साडेदहा. ओळी सर्व होत्या, एक तारीख मागे होत्या. भाऊंची क्षमा मागितली, ते म्हणाले, "ताई, त्या निमित्ताने दोन जुने नियम सापडले, ते काढून टाकले."

या नोंदींतून एवढे मात्र नक्की झाले, की ज्या ज्या दिवशी दुसरा डेटाफ्लो पडला होता, त्या प्रत्येक दिवशी पहिला नीट पार पडला होता, फक्त उशिरा. आणि दुसरा डेटाफ्लो तर गेटवेला शिवतही नाही. लिंक्ड टेबल क्लाउडमधले, शेअरपॉइंट क्लाउडमधले. ज्या रस्त्याने तो जातच नाही त्या रस्त्यावरच्या खड्ड्यात तो पडणार कसा? पण उशीर आणि पडणे यांची सांगड होती, हेही नाकारता येत नव्हते.

रविवारी दुपारी मी वही घेतली. ६१ ओळी आखल्या. प्रत्येक ओळीत तारीख, वार, पहिला डेटाफ्लो संपल्याची भारतीय वेळ आणि दुसऱ्याचा निकाल. रिफ्रेशचा इतिहास सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल, म्हणून उतरवून घेता येतो आणि त्यात तक्तागणिक सुरुवात, शेवट, लागलेला वेळ आणि त्रुटी असे सगळे मिळते, तेव्हा हे काम एक्सेलमध्ये दहा मिनिटांत झाले असते. परंतु हाताने लिहिताना डोळा प्रत्येक आकड्यावर थांबतो, म्हणून मी हाताने लिहिले. पडलेल्या ९ दिवसांत ५ गुरुवार होते, २ सकाळी महिनाअखेरीनंतरच्या होत्या आणि २ वेळा रात्री पावसात वीज गेली होती. (गुरुवारी डेटाफ्लोचा उपवास असतो, अशी थट्टा लेखाविभागात आधीपासून चालूच होती.) कारणे तीन, एकमेकांशी असंबद्ध, म्हणून तर ते "कधीकधी" वाटत होते. मग मी ओळी वारांऐवजी संपण्याच्या वेळेनुसार लावल्या.

यशस्वी ठरलेल्या ५२ दिवसांत सर्वांत उशिराची वेळ ५:२६ होती. पडलेल्या ९ दिवसांत सर्वांत लवकरची वेळ ५:३१ होती. मधे एकही दिवस नव्हता. मी पट्टी घेऊन त्या दोन ओळींच्या मधून पेन्सिलीने रेघ मारली आणि तिच्यावर लिहिले: ५:३०.

साडेपाच वाजता कारखान्यात काहीही घडत नाही. पाळी बदलत नाही, बॅकअप सुरू होत नाही, कोणी फाइल ठेवत नाही. साडेपाच हा आकडा मी त्या आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणी पाहिला होता, आणि तो वेळेचा नव्हता, अंतराचा होता. भारतात पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा यूटीसीत मध्यरात्र होते आणि तारीख बदलते.

दुसऱ्या डेटाफ्लोतली दरांची क्वेरी, म्हणजे दर मागवणाऱ्या पायऱ्या, उघडली. फोल्डरमध्ये रोज एक फाइल पडते आणि तिच्या नावात तारीख असते. मी तीन वर्षांपूर्वी लिहिलेल्या पायरीत डेटटाइम.लोकलनाऊ या फंक्शनने "आता"ची वेळ घेऊन, तिच्यातली तारीख काढून, त्या तारखेच्या नावाची फाइल शोधलेली होती. लोकल म्हणजे स्थानिक; पण कोणाचे स्थानिक? हीच क्वेरी माझ्या लॅपटॉपवर चालवली तर माझ्या यंत्राचे घड्याळ, गेटवेतून चालवली तर गेटवेच्या यंत्राचे घड्याळ, आणि निव्वळ क्लाउडमध्ये चालवली तर तिथल्या सर्व्हरचे, म्हणजे यूटीसी. पहाटे ५:३० च्या आधी ती चालली की सर्व्हरच्या मते अजून कालचीच तारीख असते, म्हणून ती कालची फाइल मागते, आणि कालची फाइल फोल्डरमध्ये असतेच. ५:३० नंतर चालली की ती आजची फाइल मागते. खरेदी विभाग ती सकाळी ९ वाजता ठेवतो. 'की' जुळत नाही, डेटाफ्लो पडतो. घरून सव्वाआठला लावलेला रिफ्रेश का पडला आणि कार्यालयातून नऊ वीसला लावलेला का चालला, तेही त्याच एका ओळीत सापडले. जुन्या ५ वाजताच्या वेळापत्रकामुळे हा डेटाफ्लो तीन वर्षे रेघेच्या अलीकडेच चालत राहिला होता. मी साखळी बांधली आणि त्याला रेघ ओलांडण्याची मोकळीक दिली.

गेटवेच्या नोंदी वाचताना यूटीसीने मला दोन दिवस फिरवले होते, आणि तरी आपल्याच क्वेरीत तोच काटा रुतलेला असेल हे सुचले नाही. काल ठेच लागलेल्या दगडाला दुसऱ्या दिवशी अंगणात ओळखू नये, असा हा प्रकार. लिहिताना मी ती क्वेरी लॅपटॉपवर, दुपारी, भारतीय घड्याळाने तपासली होती. फाइल रात्रीच ठेवली जाते अशी माझी समजूत होती आणि डेटाफ्लो कधी पडलाच नाही, म्हणून ती समजूत तपासण्याची वेळही आली नाही.

दुरुस्ती सोपी वाटत होती: तारीख भारतीय वेळेत काढायची आणि आजची नसेल तर कालची फाइल घ्यायची. सुदैवाने, बदल करण्यापूर्वी मी लेखाविभागातल्या काकांना विचारायला गेले. सकाळच्या अहवालात मूल्य कोणत्या दिवसाच्या दराने काढायचे असते?

काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, कालच्या. शिल्लक कालच्या दिवसाची, मग दरही कालचा. आजचा दर घेऊन कालची शिल्लक कशी मोजशील?"

म्हणजे सर्व्हरच्या चुकीच्या तारखेने तीन वर्षे बरोबर उत्तर दिले होते, आणि ज्या ९ दिवशी मी बटण दाबून "दुरुस्ती" केली त्या दिवशी अहवालाने आजच्या दराने मूल्य काढले होते. काका सकाळी साडेनऊला त्या अहवालातली एक ओळ आपल्या मासिक तक्त्यात उतरवून घेतात. त्यांनी तक्ता काढला. जूनच्या पानावर चार ठिकाणी आणि जुलैच्या पानावर पाच ठिकाणी, लागोपाठच्या दोन दिवसांना तांब्याचा दर पैशापर्यंत एकच होता, आणि त्यातल्या तीन ठिकाणी काकांनी पेन्सिलीची बारीक खूणही केलेली होती. "बाजार हलला नाही वाटतं, असं म्हणून सोडून दिलं," ते म्हणाले. बाजार हलला होता. पडलेल्या दिवशी मी सव्वानऊला आजचा दर ओढला, दुसऱ्या दिवशी पहाटे साखळीने तोच दर "कालचा" म्हणून पुन्हा ओढला, आणि मधल्या एका दिवसाचा दर तक्त्यात कधी आलाच नाही. दोन तास बसून आम्ही नऊही ओळी दुरुस्त केल्या. रकमा कंपनीला बुडवतील अशा नव्हत्या, पण जुलैची बेरीज बदलली.

येथे मला थोडे थांबून एक गोष्ट लिहून ठेवायची आहे. हाताने पुन्हा चालवलेला रिफ्रेश हा पहाटेच्याच कामाचा दुसरा प्रयत्न असतो, असे आपण धरून चालतो. ज्या क्वेरीत "आता" किंवा "आज" असा शब्द कोणत्याही रूपाने आलेला आहे तिच्या बाबतीत ते खरे नसते. नऊ वाजता चालवलेले काम हे वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असते, आणि ते हिरवी खूण घेऊन येते म्हणून कोणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहत नाही. तेव्हापासून अपयशाची मेल आली की मी आधी इतिहास उतरवून घेते, वहीत वेळा लिहिते, आणि मगच बटणाला हात लावते. बैठकीतले लोक पाच मिनिटे थांबू शकतात.

क्वेरी आता अशी आहे. डेटटाइमझोन.फिक्स्डयूटीसीनाऊ या फंक्शनने वेळ घ्यायची. फिक्स्ड अशासाठी, की एकाच धावेत ती कितीदाही विचारली तरी उत्तर बदलू नये आणि नेमक्या साडेपाचच्या ठोक्यावर चाललेल्या कामात अर्ध्या पायऱ्या कालच्या आणि अर्ध्या आजच्या होऊ नयेत. मग स्विचझोन फंक्शनने तिला ५ तास ३० मिनिटे पुढच्या पट्ट्यात आणायचे आणि तारीख काढायची. फोल्डरमधल्या सर्व फायलींच्या नावांतून तारखा काढून, आजच्या भारतीय तारखेच्या आधीच्या तेवढ्या ठेवायच्या आणि त्यांतली सर्वांत अलीकडची घ्यायची. पहाटे पाचला चालवा किंवा दुपारी तीनला, उत्तर एकच येते. एखाद्या दिवशी खरेदी विभागाने फाइल ठेवली नाही तर डेटाफ्लो पडत नाही, मागची फाइल घेतो. पण ते गुपचूप घडू नये म्हणून "दराचा दिनांक" असा एक स्तंभ जोडला आणि तो अहवालात दाखवला. पहिल्या डेटाफ्लोतही एका ओळीचा तक्ता घातला, ज्यात तो कधी ताजा झाला ती भारतीय वेळ असते. ती वेळ अहवालाच्या माथ्यावर छापली जाते. बैठकीतल्या लोकांना आता आकडा शिळा आहे का, हे मला फोन न करता कळते.

इतर संशयितांविषयी थोडक्यात. पासवर्ड बदलल्यामुळे येणारे अपयश कधीकधी येत नाही. ते एका दिवशी सुरू होते आणि मग रोज येते, म्हणून ते ओळखायला सोपे. डेटासेटचा नियोजित रिफ्रेश लागोपाठ चार वेळा पडला तर त्याचे वेळापत्रकच बंद केले जाते, आणि मूळ कारण दूर झाल्यावरही ते आपोआप सुरू होत नाही; लांब सुट्टीवरून आल्यावर हे पाहावे. एक्सेलच्या दरस्तंभात कोणी आकड्याऐवजी आडवी रेघ टाकली तरी डेटाफ्लो पडतो, परंतु तेव्हा संदेश संख्येत रूपांतर न झाल्याचा येतो. संदेश वेगळा तर रोग वेगळा, आणि एकच संदेश वारंवार येत असेल तर कारणेही बहुधा एकाच जागी येऊन मिळत असतात, असा माझा अनुभव आहे. आमच्याकडे बॅकअप, महिनाअखेर आणि वीज ही तीन कारणे फक्त उशीर करीत होती. पाडणारी जागा एकच होती.

बॅकअपचेही पाहिले. बुधवारी रात्री सर्व्हरचा पूर्ण बॅकअप निघतो आणि तो पहाटेपर्यंत रेंगाळला की आमची क्वेरी डिस्कसाठी त्याच्याशी झगडते. पाच गुरुवारांचे कोडे ते होते. आयटीतल्या भाऊंनी तो शनिवारी रात्री नेला. तसे केले नसते तरी आता चालले असते, कारण उशीर झाला तर अहवाल उशिरा होतो, पडत नाही. पण सर्व्हरलाही थोडी उसंत मिळावी.

परवा १ तारखेला पहिला डेटाफ्लो ५:४७ ला संपला. रेघेच्या पलीकडे चांगला सतरा मिनिटे. ५:५५ ला दुसरा यशस्वी, ६:०४ ला डेटासेट यशस्वी. ८:१० ला फोन वाजला तेव्हा पोटात गोळा आला, तर लेखाविभागातले काका होते. "अगं, तो दराचा दिनांक उजव्या टोकाला टाकलायस, छापल्यावर अर्धा कापला जातो. जरा डावीकडे घे."